सात नंबरची हळद

१

पूर्वी नावाची मुलगी ज्या खोलीत मेली, त्या खोलीचं दार आतून नुसतं ढकललं तरी उघडत होतं. कडी नव्हती, कुलूप नव्हतं. तरीही चोवीस वर्षांची, धडधाकट मुलगी त्या दारापासून चार पावलांवर मेली. हवेतला प्राणवायू कमी झाला की भोंगा वाजवणारं यंत्र तेव्हा तिच्या कमरेला होतं. ते तिनं स्वतःच्या हातानं जुळवलं होतं.

हे झालं शनिवारी दुपारी. बुधवारी सकाळी तिचे वडील कमळाकर नवीन पनवेलला आशालताबाईंच्या घरी आले, चपला जिन्यातच काढल्या आणि खुर्चीच्या कडेवर बसले.

आशालताबाई साठीच्या पुढच्या. उभी नोकरी कारखान्यांतले वायू तपासण्यात गेली. निवृत्तीनंतर चार वर्षं खारघरच्या कॉलेजात मापनशास्त्र शिकवलं. पूर्वी ही तिथलीच त्यांची विद्यार्थिनी.

"ही पिशवी दिली पोलिसांनी," कमळाकर म्हणाले. पिशवीत एक फोन, केसांचा चाप, बारीक साखळी आणि काड्यापेटीच्या दुप्पट आकाराचं पिवळं यंत्र होतं. यंत्रावर सात नंबरचा स्टिकर. "चष्मा नाय दिला. इचारला, तर बोलले आमाला मिलालाच नाय."

"आणि तो कागद?"

त्यांनी खिशातून घडी काढली. कंपनीनं टाइप करून दिलेला जबाब. *यंत्राने इशारा देऊनही माझी मुलगी आत थांबली. कंपनीविरुद्ध माझी तक्रार नाही.*

"उद्या अकरा वाजता चौकीत सही करायची. नाय केली तर बोलतान, चौकशी लांबंल, पोरीचा नाव पेपरात येल. गावात आतापासूनच कुजबुज हाय. भोंगा वाजला आन् थांबली, म्हंजे मुद्दाम थांबली. कोनाचा काय लफडा आसंल." ते थांबले. "ज्या गावानं तिचा फोटो लावून ब्यानर लावला, बाय, त्या गावात."

तो बॅनर आशालताबाईंनी पाहिला होता. गावातली पहिली इंजिनीयर मुलगी. कमळाकरांचा धाकटा भाऊ एका कारखान्याची टाकी साफ करायला उतरला आणि वर आलाच नाही, तेव्हा पूर्वी अकरावीत होती. कॉलेजच्या शेवटच्या वर्षी तिनं या यंत्राचा आराखडा बाईंसमोर ठेवला, तेव्हा कागदाच्या कोपऱ्यात पेन्सिलीनं लिहिलं होतं : काकासाठी.

आशालताबाई स्वयंपाकघरातून भाजीची एक प्लास्टिकची पिशवी घेऊन आल्या. यंत्र चालू केलं. आकडा आला : २०.९. साध्या हवेचा आकडा. त्यांनी पिशवीत तीन-चार वेळा श्वास सोडला, यंत्र आत टाकलं आणि तोंड मुठीत धरलं.

"माणसानं सोडलेल्या श्वासात प्राणवायू कमी असतो," त्या म्हणाल्या. "यंत्र खरं असेल तर त्याला कळेल."

२०.१. १८.८. १७.४. आणि मग भोंगा, इतका कर्कश की खालच्या मजल्यावरचं कुत्रं भुंकायला लागलं.

कमळाकर यंत्राकडे बघत राहिले. "म्हंजे वाजला आसंल," ते हळूच म्हणाले.

बाईंनी यंत्र बंद केलं. ते चोख होतं. पंधरा सेकंदांत, कुठेही न अडखळता, बरोबर वाजलं होतं. बाईंच्या शास्त्रात याला एकच उत्तर होतं आणि ते कमळाकरांच्या खिशातल्या कागदावर आधीच टाइप केलेलं होतं.

"पन तुमी तिला शिकवलाय," कमळाकर दारात म्हणाले. "काकाला टाकीतून काढला तवा ती तिथं उभी होती. भोंगा आयकून थांबंल ती?"

"यंत्र माझ्याकडे राहू दे. उद्या अकरापर्यंत सही करू नका," आशालताबाई म्हणाल्या. त्या पलीकडे देण्यासारखं त्यांच्याजवळ काही नव्हतं.

२

पूर्वीनं जिथे हे यंत्र बनवलं, त्या 'राखण' कंपनीचं ऑफिस म्हणजे करंजाडेच्या बाजूला औद्योगिक वसाहतीतले दोन शेजारशेजारचे गाळे. एकात टेबलं आणि चाचणीची खोली, दुसऱ्यात पॅकिंग. दारातून आत गेलं की भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहिलेलं : लवकर चुका, लवकर शिका.

कंपनीचा मालक सत्यजीतनं आशालताबाईंना वाकून नमस्कार केला. एकतिशीचा, चार वर्षं अमेरिकेत काढून आलेला, बोलताना समोरच्याच्या डोळ्यांतून नजर न काढणारा.

"मॅडम, आम्ही इथे एम्प्लॉयी म्हणत नाही कुणाला. फॅमिली आहे. पूर्वी तर बहिणीसारखी होती." त्याचा आवाज खरोखर बसला होता. "पण डिव्हाइस परफेक्ट आहे. पोलिसांसमोर मी स्वतः टेस्ट करून दाखवलं. तिनं नायट्रोजन सोडून खोलीतला ऑक्सिजन कमी केला, टेस्ट घेतली, व्हॉल्व्ह बंद केला, पण पंखा लावून खोली मोकळी न करताच आत गेली. अलार्म वाजत असताना. आता यात मी कुणाला दोष देऊ?"

"तू कुठे होतास शनिवारी?"

"खारघरला, घरी. शनिवारी सुट्टीच असते. आमचा पॅकिंगवाला धनेश तेवढा आलेला आणि पूर्वी शेवटचे नग तपासायला. उद्या सकाळी चारशे नग बाहेर पडतायत, मॅडम. सेप्टिक टँक साफ करणारे कॉन्ट्रॅक्टर, केमिकल कंपन्या. चारशे माणसं. हे थांबलं तर कुणाचं नुकसान आहे, सांगा."

बाई भिंतीवरच्या हुकांकडे बघत होत्या. रोजच्या वापरातल्या यंत्रांसाठी दहा हुक. नऊ हुकांवर नऊ पिवळी यंत्रं, प्रत्येकाच्या कपाळावर हळदीचं बोट, त्यावर कुंकू. सुकलेल्या झेंडूच्या पाकळ्या अजून जाळीत अडकलेल्या. सात नंबरचा हुक रिकामा.

"दसऱ्याची पूजा," सत्यजीत जरा ओशाळून म्हणाला. "मी बंगलोरला होतो. यांनी इथे सगळ्या मशिनांना हळदकुंकू लावून ठेवलं. शुक्रवारी डेमोला मोठे लोक येणार आणि इथे हे असं. म्हटलं, निदान डेमोचे पीस तरी स्वच्छ ठेवा."

"डेमो चांगला झाला?"

"फँटास्टिक."

कोपऱ्यात मिताली बसली होती. यंत्राच्या आतला प्रोग्राम तिनं लिहिला होता. कॉलेजात ती आणि पूर्वी एकाच बाकावर बसायच्या. परीक्षेत बाईंना दोघींना मुद्दाम लांब बसवावं लागायचं. आता तिच्या डोळ्यांखाली काळी वर्तुळं होती.

"तू होतीस का इथे, मिताली?"

"नाही मॅडम. वर्क फ्रॉम होम. पाच वाजता फोन आला, मग डायरेक्ट हॉस्पिटलला गेले. तोवर तिला आत नेलं होतं. चेहरासुद्धा नाही बघितला." तिनं रुमालाची घडी उलगडली, परत घातली. "हट्टी होती हो. मी म्हटलं होतं, दिवसभर मशिनांमध्ये वाकतेस, प्लॅस्टिकच्या काचा घे. नाही ऐकलं. आठ दिवसांत तडकली ना काच. कुणाचं म्हणून ऐकायची नाही."

"नाही," बाई म्हणाल्या. "माझंही नाही ऐकायची."

खरं तर एकदा बाईंनीच कुणाचंतरी ऐकलं होतं. सहा महिन्यांपूर्वी या यंत्राच्या तपासणीच्या पद्धतीवर सल्लागार म्हणून त्यांनी सही केली. त्यांनी लिहिलं होतं : रोज वापरण्याआधी पिशवीत श्वास सोडून यंत्र तपासावं. सत्यजीत म्हणाला, मॅडम, कामगार पिशव्या शोधत बसणार का? एक बटण देऊ. दाबलं की बीप वाजेल, झालं. बटण फक्त भोंगा तपासतं, यंत्राला हवा कळते की नाही ते तपासत नाही, हे बाईंना माहीत होतं. त्यांनी तसं सांगितलं, एकदाच, हळू आवाजात. आणि मग सही केली.

३

शकू मागच्या नळावर कप घासत होती. ऑफिसची झाडलोट आणि चहा तिच्याकडे. पूर्वीच्याच गावची. बाई शेजारी उभ्या राहिल्या तशी ती घासता घासताच बोलायला लागली, जणू चार दिवस कुणीतरी विचारायची वाट बघत होती.

"घरी जेवाया न् दूध आनाया गेलती मी. आले तवा सव्वातीन झालते. काचेतनं बघितला तर ही खाली. पालथी. मी दार वढला न् आत धावले. उलटी केली, डोका मांडीवर घेतला. धनेश, धनेश म्हनून बोंब मारली, पन त्याचा मशीन चालू, त्याला आयकाया जातंय का? धा मिन्टा तरी बसले मी तशी तिला घेऊन."

"दहा मिनिटं? आतच?"

"तिला टाकून जाऊ कशी?"

"पंखा चालू होता?"

"नाय. सगला शांत होता."

"तुला चक्कर? डोकं दुखलं? डोळ्यांपुढे अंधारी?"

शकूनं वर बघितलं. "नाय बा. मला काय झाला?"

आशालताबाई आत जाऊन चाचणीच्या खोलीपाशी उभ्या राहिल्या. कधीकाळी ती शीतगृहाची खोली होती. दाराला बघायची काच आणि जाड रबरी पट्टी, दार आपोआप मिटणारं, पंखा लावल्याशिवाय हवा आत-बाहेर जायला फट नाही. दारावर पूर्वीच्या अक्षरात कागद : *चाचणीनंतर आत जाण्याआधी पंखा बारा मिनिटे.*

नायट्रोजनला वास नसतो, रंग नसतो. गुदमरल्यासारखंही होत नाही. दोन-तीन श्वासांत माणूस बसतो आणि उठत नाही. पूर्वी ज्या हवेत मेली, त्याच हवेत शकू नंतर शिरली असती, तर मांडीवर डोकं घ्यायच्या आत तिच्या शेजारी पडली असती. शकू दहा मिनिटं बसली. ओरडली. जिवंत राहिली.

म्हणजे खोलीत तोवर चांगली हवा आलेली होती. म्हणजे शकूच्या आधी कुणीतरी पंखा लावला होता, बारा मिनिटं थांबलं होतं, आणि मग तो बंद करून निघून गेलं होतं. पूर्वीला तिथेच ठेवून.

बाई परत नळापाशी आल्या.

"शकू, पूर्वीच्या यंत्राला हळद कुणी लावली होती?"

"मीच लावली. सगल्या धाच्या धा. ती बोलली, मावशी, माजी पुसू नका, आपोआप जाऊ दे. आन् शनिवारी आली तर बोलते, माजी हलद कोनी पुसली गं? मी बोलले, मी नाय बाय. तर हसली. बोलली, जाऊ दे, शायबाला आवडली नसंल." शकूनं हातातला कप पालथा ठेवला. "त्येच शेवटचा बोलना."

बाईंनी पर्समधून सात नंबर काढला. शकूच्या साबणाच्या वडीवर कापूस घासला आणि ओला कापूस यंत्राच्या कपाळावर, जाळीच्या फटींत, बटणाच्या कडेला फिरवला. जी बाई कधी हळदीचा डाग धुवायला बसली असेल, तिला हे शिकवावं लागत नाही : पिवळा डाग साबण लागला की लाल होतो. पुसलेल्या हळदीचा कण जरी खाचेत उरला असेल, तरी तो उठून दिसेल.

शकू वाकून बघत होती. कापूस पांढरा राहिला. फटीही.

"लाल नाय झाला," ती म्हणाली. मग तिच्या लक्षात आलं. "याला हलद लागलेलीच नाय कंदी. मी लावलेला त्यो हा नाय."

"नाही," आशालताबाई म्हणाल्या. "फक्त स्टिकर त्याचा आहे."

यंत्र पूर्वीच्या कमरेवरूनच दवाखान्यात गेलं, तिथून पोलिसांकडे. म्हणजे बदललं गेलं ते त्याच खोलीत, शकू यायच्या आधी, तिच्या अंगावरून.

शकूनं हात पुसले, पदराची गाठ सोडली आणि एक चष्मा काढला. डावी काच आरपार तडकलेली. "तिच्या तोंडापाशी पडला होता. धनेश यायच्या आधी मी उचलला. कोनाला दावला नाय. कमळाकरदादाच्या हातात द्यायचा तर धीर होत नाय."

आशालताबाईंनी तो चष्मा बराच वेळ हातात धरला. मग शकूला म्हणाल्या, "अजून थोडा वेळ तुझ्यापाशीच ठेव."

४

धनेश कामोठ्याचा, डिप्लोमा झालेला, भरदार दंडांचा आणि बोलायला फटकळ. शनिवारी पूर्वीच्या सगळ्यात जवळ तोच होता, मधे एकच भिंत. पोलिसांनीही त्यालाच दोन तास बसवलं होतं.

"या, तुम्ही पण विचारा," तो म्हणाला. "मशीन बंद करून दोन मिनिटं तिकडे डोकावलो असतो तर काय झालं असतं? विचारा ना. मी पण तेच विचारतोय स्वतःला."

"ते नाही विचारत. नग किती पॅक केलेस?"

"चारशे. वीस खोके, प्रत्येकात वीस."

"शनिवारी दुपारी किती खोके सील झाले होते?"

"एकोणीस. विसावं उघडं होतं, ऑफिसच्या गाळ्यातल्या टेबलावर. ते मी सोमवारी बंद केलं."

"त्यात एकोणीस नग निघतील असं मला वाटतं," बाई म्हणाल्या. पूर्वीच्या कमरेला लावलेलं चांगलं यंत्र कुठून तरी आलं असणार, आणि उघडं खोकं एकच होतं.

धनेश चिडला. "मॅडम, काउंट माझा चुकत नाही." त्यानं पट्टी फाडली आणि टेबलावर नग मांडले. पाचाच्या चार रांगा. "वीस. मोजा."

बाईंनी मोजले. वीस.

त्यांना आधी आपण चुकलो असं वाटलं. मग त्यांनी रांगा पुन्हा बघितल्या. खोक्यातून एक गेला होता, आणि तरी वीस होते. आकडा जुळावा म्हणून कुणीतरी त्याच्या जागी दुसरा ठेवला होता. आणि ठेवण्यासारखा तेव्हा हातात एकच होता, पूर्वीच्या कमरेवरचा.

"धनेश, प्लास्टिकच्या पिशव्या आहेत?"

एकेक यंत्र पिशवीत जायचं. धनेश श्वास सोडायचा, बाई आकडा बघायच्या. पहिलं वाजलं. दुसरं वाजलं. गाळ्याच्या पत्र्यावर आवाज आदळत होता. भोंग्यांच्या आवाजानं सत्यजीत आणि मिताली दारात येऊन उभे राहिले. शकूही आली.

चौदावं यंत्र पिशवीत गेलं. २०.९.

धनेशनं पुन्हा श्वास सोडला. गाल फुगवून, चार वेळा, पिशवी आतून धुरकट होईपर्यंत. २०.९. पिशवीत घुसमटलेला श्वास होता आणि यंत्र शांतपणे सांगत होतं, हवा उत्तम आहे.

बाईंनी बटण दाबलं. बीप, स्वच्छ आणि आज्ञाधारक. मग त्यांनी साबणाचा कापूस जाळीच्या कडेनं फिरवला. खाचांमध्ये, केसाएवढ्या बारीक, तांबड्या रेघा उमटल्या.

"ह्यो तिचा," शकू म्हणाली.

"हा उद्या कुणाच्या तरी कमरेला लागणार होता," धनेश म्हणाला आणि त्यानं ते यंत्र असं ठेवलं, जणू ते जिवंत होतं.

५

"हे डेमो मोडचं काम दिसतंय," आशालताबाई म्हणाल्या. त्या पॅकिंगच्या स्टुलावर बसल्या होत्या आणि त्यांचा आवाज वर्गातल्यासारखाच होता, शेवटच्या बाकाला कान टवकारावे लागतील इतका हळू. "पाहुण्यांसमोर खोलीत नायट्रोजन सोडायचा आणि यंत्र वाजायची वाट बघायची, यात वेळ जातो. पाहुण्यांना वेळ नसतो. म्हणून फोनवरून बोट लावलं की वाजेल अशी सोय. तोवर आकडा २०.९ वर गोठलेला."

"सगळेच करतात मॅडम," सत्यजीत म्हणाला. "जगात कुठल्याही स्टार्टअपमध्ये..."

"मला जगाचं माहीत नाही. शुक्रवारी एक डेमो नग बिघडला असणार, म्हणून हुकावरचा सात नंबर घेतला, हळद पुसली, डेमो मोडमध्ये टाकला. नंतर हुकावर परत लावला, पण मोड काढायचा राहिला. आणि पाहुण्यांना दिसावं म्हणून सिलिंडरचा व्हॉल्व्ह उघडल्याचा देखावा केला असेल, तोही निरोपाच्या गडबडीत पूर्ण बंद झाला नसावा. रात्रभर, सकाळभर, त्या बंद खोलीत नायट्रोजन झिरपत राहिला. शनिवारी पूर्वीनं कुठलीही टेस्ट सुरू केली नव्हती; केली असती तर पंखा लावल्याशिवाय आत गेली नसती. ती नुसती नग टांगायला आत गेली. जाण्याआधी बटण दाबलं असेल. बीप वाजला असेल." त्यांनी चौदावं यंत्र जवळ ओढलं. "त्या बटणाला मी सही दिली होती."

"म्हणजे ॲक्सिडेंट," सत्यजीत लगेच म्हणाला.

"तिथपर्यंत अपघात. पुढचं नाही. पुढे कुणीतरी आलं, पंखा लावला, तिच्या अंगावरचं यंत्र बदललं आणि निघून गेलं." त्यांनी शकूकडे हात केला. शकूनं गाठ सोडली आणि तडकलेला चष्मा टेबलावर ठेवला.

"हा शकूनं उचलला तेव्हा धनेशसुद्धा आला नव्हता. चार दिवस तो हिच्या पदरात आहे. वडिलांना माहीत नाही, पोलिसांना माहीत नाही." बाई वळल्या. "काच तडकली हे तुला कुठून कळलं, मिताली?"

मितालीनं चष्म्याकडे बघितलं. मग ती भिंतीला टेकून हळूहळू खाली बसली, दप्तर फेकून मुली वर्गाबाहेर बसतात तशी.

"मला घरी आठवलं," ती म्हणाली. "जेवता जेवता. सातचा मोड काढलाच नाही. तिला फोन केला, तिनं उचलला नाही. ऑटो करून आले. अडीच-पावणेतीन झाले असतील. काचेतून बघितलं तर..."

"व्हॉल्व्ह?"

"थोडासा उघडा होता. बंद केला. पंखा लावला. सत्यजीतला फोन केला."

"धनेशला हाक नाही मारलीस?"

"तुम्हीच शिकवलंय ना मॅडम, दुसऱ्यानं आत धावायचं नाही, तोही मरतो..."

"आत धावायचं नाही. बरोबर. पण दार सताड उघडून धरायचं, मदतीला ओरडायचं. धनेश वीस पावलांवर होता."

"सत्यजीत म्हणाला, थांब. कुणाला बोलवू नकोस. आधी डिव्हाइस बदल, नाहीतर सगळं संपलं. तिचं स्वप्न आहे हे, तिच्यासाठी तरी." मितालीनं गुडघे छातीशी ओढले. "तो फोनवरच होता. बारा मिनिटं. मला म्हणत होता, श्वास घे, शांत हो. मग आत गेले. नग बदलला, स्टिकर बदलले. तिचा... मॅडम, तिचा हात गरम होता."

"ही हिस्टेरिकल झालीय," सत्यजीत म्हणाला. "मी एवढंच म्हणालो होतो की पॅनिक होऊ नकोस."

"बारा मिनिटांच्या कॉलची नोंद आहे माझ्याकडे," मिताली जमिनीकडे बघत म्हणाली. "आणि तूच म्हणालास, खोक्यात टाक, काउंट बरोबर राहिला पाहिजे. नंतर रिसेट करू. मी रोज ठरवत होते, आज काढते, आज काढते. धनेशनं सोमवारी सील केलं."

"चारशे माणसं वाचणार होती यानं!" सत्यजीतचा आवाज पहिल्यांदाच चढला. "एका चुकीपायी तुम्ही..."

धनेश एक पाऊल पुढे आला. बाईंनी हात आडवा केला. "नको. पोलिसांना बोलाव. आणि उरलेली सहा यंत्रंही तपासू. मग बाकीची एकोणीस खोकी."

६

गुरुवारी अकरा वाजता कमळाकर चौकीत बसले होते. शेजारी आशालताबाई. टेबलावर कंपनीचा टाइप केलेला कागद, त्यावर तिरकी रेघ मारलेली. फौजदारानं नवा कोरा कागद घेतला.

बाईंनी सकाळीच त्यांना सगळं सांगितलं होतं, काही न गाळता. आपल्या सहीचंसुद्धा. ते ऐकून कमळाकरांनी एकच विचारलं होतं, "ती मिताली आली तवा पोर जिती होती?"

खोटं बोलणं सोपं होतं, दोन्ही बाजूंनी. "माहीत नाही," बाई म्हणाल्या. "कुणालाच कधी कळणार नाही. हात गरम होता, एवढंच कळलंय."

आता चष्मा कमळाकरांच्या शर्टाच्या खिशात होता. तडकलेली काच कापडातून टोचत असावी, कारण ते मधूनमधून तिथे हात नेत होते.

"सांगा," फौजदार म्हणाला. "सावकाश सांगा."

"लिवा," कमळाकर म्हणाले. "भोंगा वाजला नाय. माजी पोर थांबली नाय. तिला कोनी सांगितलाच नाय का हवा खराब हाय."

पेन कागदावर चाललं. बाहेर रस्त्यावर डंपर गेले, विमानतळाच्या बाजूला. फौजदारानं लिहिलेलं वाचून दाखवलं आणि कागद सहीसाठी पुढे सरकवला.

कमळाकरांनी पेन हातात घेतलं, पण टेकवलं नाही.

"आजून एक लिवा," ते म्हणाले. "बारा मिन्टा ती एकली नवती. काचेपलीकडं मानूस होता."